एकाच दिशेची भरती

सकाळी नवाच्या सुमारास दादरच्या फलाटावर काही वेळ निर्हेतुक उभे राहण्याची सवड ज्याला मिळेल (आणि त्या वेळी तेथे निर्हेतुक उभे राहणे सोपे नाही, कारण मागून येणारा लोंढा आपला हेतू आपल्यावर लादल्यावाचून राहत नाही), त्याला एक असे दृश्य दिसेल की जे रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून जाते आणि ज्याचा विचार त्यांतील फारच थोडे करतात. चर्चगेटकडे जाणारी गाडी येते ती दारांतून माणसे ओसंडत येते. दांड्यांना, कड्यांना आणि जमेल तेथे एकमेकांच्या खांद्यांना धरून लोक उभे असतात. त्याच सुमारास शेजारच्या रुळांवरून विरारकडे गाडी सुटते, आणि तिच्या खिडकीशी बसलेला गृहस्थ वर्तमानपत्र दोन्ही हातांनी पूर्ण उलगडून वाचत असतो. दोन्ही गाड्यांचे डबे तितकेच, दोघींना लागणारी वीज जवळपास तितकीच, मोटरमनचा आणि गार्डचा पगार तितकाच. फरक एवढाच की, एक गाडी शहराला हव्या असलेल्या दिशेने चालली आहे आणि दुसरी त्या पहिलीला पुन्हा आणण्यासाठी मागे जात आहे. संध्याकाळी हेच चित्र आरशात पाहावे तसे उलटते.

संध्याकाळच्या चित्रात एक गंमत आहे, तीही सांगून टाकावी. दादरहून चर्चगेटच्या गाडीत चढणाऱ्यांपैकी कित्येक जण चर्चगेटला उतरतच नाहीत. जी गाडी तेथून परत फिरणार तिच्यातच जागा धरून ते आधी उलटा प्रवास करतात आणि मग निश्चिंतपणे बसून बोरिवलीला घरी जातात. म्हणजे रिकाम्या दिशेला जे थोडेफार प्रवासी दिसतात, त्यांतलेही काही वस्तुतः भरलेल्या दिशेचेच असतात. हिशेबनिसाने त्यांना उलट्या खात्यात जमा धरले, तर तो फसेल.

शहरातील रहदारीची कोंडी असा विषय निघाला की सामान्यतः आपले लक्ष रुंदीकडे जाते. रस्ता अरुंद आहे, तो रुंद करावा. रुंद करण्यास जागा नाही, तर त्याच्यावर दुसरा रस्ता बांधावा. वरही जागा नाही, तर समुद्रात भराव घालावा किंवा जमिनीखाली बोगदा खणावा, अशा क्रमाने विचार चालतो आणि सरकारी तजविजाही बहुधा त्याच क्रमाने निघतात. मुंबईच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या वाहतूक-योजनांची दप्तरे चाळली, तर माझ्या मते एक वेगळीच गोष्ट पुढे येते. या शहराचे मूळ दुखणे दिशेचे आहे. ज्या योजनांनी रुंदी वाढवली त्यांनी थोडा काळ सुख दिले, आणि ज्या थोड्या योजनांनी दिशेला हात घातला त्यांनी, अर्धवट का होईना, पण टिकाऊ काम केले. आणि या दुसऱ्या प्रकारच्या योजना आपल्याकडे एकतर उशिरा आल्या, किंवा त्यांचा अर्धा भाग मंजूर होऊन उरलेला अर्धा कुठल्यातरी कचेरीत पडून राहिला.

एका बाजूने समुद्र, दुसऱ्या बाजूने बंदर आणि खाडी, अशा कात्रीत सापडलेला हा भूभाग उत्तरेस रुंद आणि दक्षिणेस निमुळता आहे. नरसाळ्यासारख्या या भूमीच्या अगदी तोंडाशी इंग्रजांनी किल्ला बांधला, किल्ल्यालगत बंदर वाढले, आणि बंदराच्या आश्रयाने पेढ्या, कचेऱ्या, न्यायालये व सचिवालय हे सर्व तेथेच गोळा झाले. नरसाळ्यात वरून ओतलेले पाणी खाली एकाच ठिकाणी येते, त्यात पाण्याचा काही अपराध नसतो.

तरीही हे दुखणे उपजत नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव केली आणि पुढील अर्ध्या शतकात परळ, लालबाग, भायखळा या भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली, तेव्हा गिरणीकामगार कामाला पायी जात असे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यातील चाळीत गाळा धरी, कारण पाळी चुकवून चालत नसे आणि वाहनाला पैसे नसत. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली ती कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. १९०७ मध्ये ती विजेवर चालू लागली. पण तिचे मार्ग आखूड होते. खुराड्यासारख्या खोल्यांत दाटीने राहणाऱ्या त्या जुन्या शहराची कोंडी भयंकर होती खरी; परंतु ती राहण्याची कोंडी होती, प्रवासाची नव्हती.

ती कोंडी फोडायला प्लेग यावा लागला. १८९६ च्या साथीनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने दाट वस्त्यांतून नवे रस्ते कापले. यांतील प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे दोन मोठे रस्ते पूर्व-पश्चिम आहेत, ही बाब मला नेहमी कौतुकाची वाटत आली आहे. रस्ता आखणाऱ्यांच्या मनात माणसांइतकाच वारा होता. समुद्रावरची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून तो आडवा काढला. वाऱ्यासाठी का होईना, आडव्या दिशेचा विचार मुंबईत एकदा झाला होता. याच ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथे मोकळ्या जागेत वस्त्या आखल्या, आणि आज हिंदू कॉलनी किंवा पारशी कॉलनीतील झाडांखालून चालताना आपण ज्याला जुनी शांत मुंबई म्हणतो, ती त्या काळची नवी उपनगरवस्ती होती. घर येथे आले, कचेरी मात्र किल्ल्यात राहिली. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी चालू झाली, १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत पश्चिमेचा मार्गही विजेवर आला, आणि घर व कचेरी यांच्यामधील अंतर वाढवण्याची जणू सार्वत्रिक परवानगीच मिळाली. रेल्वेने मुंबईला वाचवले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, एका दिशेची सवय तिनेच लावली.

त्या सवयीचे आजचे स्वरूप आकड्यांत सांगायचे तर असे की, करोनाच्या साथीच्या आधीच्या वर्षांत मुंबईच्या उपनगरी गाड्या रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहत, आणि जी नऊ डब्यांची गाडी सुमारे १,७०० माणसांसाठी बांधलेली, तिच्यात गर्दीच्या वेळी ४,५०० हून अधिक माणसे असत. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी, या स्थितीसाठी रेल्वेच्या परिभाषेत स्वतंत्र संज्ञाच तयार करावी लागली. या गर्दीत एक शहाणपणाचे उदाहरण मात्र आहे, ते डबेवाल्यांचे. त्यांचे पत्र्याचे डबे त्याच दिशेने आणि त्याच गाड्यांनी जातात, पण कचेरीची वेळ टळल्यावर, जेव्हा गाडीला थोडा श्वास घ्यायला मिळतो तेव्हा. माणूस आधी जातो आणि त्याचे जेवण दोन तासांनी मागून येते. वेळेची अशी विभागणी शहरातील कचेऱ्यांनी आपसांत केली असती, तर कित्येक पुलांचा खर्च वाचला असता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हा प्रश्न जाणत्यांच्या लक्षात आला नव्हता, असे नाही. १९४८ मध्ये महापालिकेचे अभियंते मोडक व अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. १९५८ मध्ये राज्य सरकारने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला आणि त्याने पुढच्याच वर्षी सुचवले की, ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा आणि खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर वस्ती न्यावी. बर्वे हे सनदी सेवेतील माणूस. त्यांच्या सूचनेत अलंकार नव्हते, पण दिशा होती. तोवर जे शहर लांबच्या लांब उत्तरेकडे पसरत होते, त्याला पूर्वेकडे वळवण्याची ही सरकारी सूचना होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईच्या रहदारीची पाहणी केली. तिने बेटाच्या पूर्व आणि पश्चिम कडांनी जलद मोटारमार्ग काढण्याची शिफारस केली. दोन्ही मार्ग अर्थातच उत्तर-दक्षिण. या दोन सूचनांपैकी सरकारच्या मनात खोलवर कोणती रुजली हे पाहायचे असेल, तर २००९ मधील वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ मधील पूर्व मुक्त मार्ग आणि २०२४ मध्ये खुला होऊ लागलेला किनारा रस्ता यांच्याकडे पाहावे. अर्धशतकापूर्वी मोटारींसाठी काढलेल्या त्या रेघा जिद्दीने गिरवल्या गेल्या. मधल्या काळात, १९९० नंतरच्या दशकात, पन्नासावर उड्डाणपुलांची एक योजनाही होऊन गेली. चौकात थांबणारी मोटार पुलावरून निघून पुढच्या चौकात थांबू लागली, याहून त्या पुलांविषयी अधिक लिहिण्याजोगे मला काही आढळत नाही.

बर्वे यांच्या दिशेला मूर्त रूप देण्याचा प्रयत्न झाला तो तीन तरुणांकडून. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल, म्हणजे दोन वास्तुरचनाकार व एक स्थापत्य अभियंता, यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात (जेथे एरवी शिल्पे आणि लघुचित्रे यांची चर्चा चालत असे) मुंबईसमोरच्या खाडीपार नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. तिचा गाभा घरे नव्हता. घरे बांधून शहर होत नाही, नोकऱ्या हलल्या तर शहर होते, आणि मुंबईतील सर्वांत मोठी हलवता येण्याजोगी नोकरी म्हणजे खुद्द राज्य सरकार. तेव्हा सरकारने आपले बिऱ्हाड पलीकडे न्यावे, म्हणजे वकील, कंत्राटदार, पेढ्या, उपाहारगृहे हे सर्व आपोआप त्याच्यामागून जातील आणि सकाळची गाडी दोन दिशांनी भरेल, असा तो सरळ विचार होता. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही १९६६ मध्ये मुख्य भूमीच्या विकासाची शिफारस केली आणि १७ मार्च १९७० रोजी नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले.

यापुढची कैफियत वाचताना हसावे की रडावे हे समजत नाही. ज्या राज्याने पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादन करण्याचा हुकूम काढला, त्याच राज्याने बेटाच्या दक्षिण टोकाला समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट येथे उंच इमारतींना जागा दिली. १९२० नंतरच्या दशकात बॅकबेच्या भरावातील गैरकारभार ज्या वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, त्यांचेच नाव या भरावाला मिळावे, हा दैवदुर्विलास निराळाच. आणि सिडको स्थापन होऊन अकरा वर्षे लोटल्यावर, १९८१ मध्ये, राज्याने आपले नवे विधानभवन बांधून पुरे केले ते कोठे? बेलापूरला नव्हे, नरिमन पॉइंटला. दुसऱ्यांना खाडीपलीकडे जाण्याचा उपदेश करणाऱ्याने स्वतःचा पाट मात्र अलीकडेच मांडला.

खाडीपलीकडे गेले काय, तर बाजार. कांदा-बटाट्याचा, मसाल्याचा, धान्याचा घाऊक व्यापार मशीद बंदर आणि भायखळ्याच्या गल्ल्यांतून उचलून वाशीला नेण्यात आला. लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. व्यापाऱ्यांनी पुष्कळ वर्षे कुरकुर केली आणि ती समजण्यासारखी होती, पण हे बाजार हलल्यामुळे हजारो मालट्रक बेटाच्या अरुंद भागात यायचे थांबले. मुंबईच्या रहदारीवर झालेला हा फार मोठा उपकार असून त्याचे उद्घाटनाचे फलक कोठे लावलेले नाहीत. याची किंमत ज्यांनी दिली त्यांचाही उल्लेख केला पाहिजे: भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी ती पंचाण्णव गावे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि त्या संघर्षातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. मुंबईची दिशा बदलण्याचा खर्च मुंबईच्या जमाखर्चात कधी नीट लिहिला गेला नाही.

नव्या शहराची दुसरी अडचण क्रमाची होती. बर्वे यांनी सुचवलेला रस्त्याचा पूल झाला १९७३ मध्ये, आणि रेल्वे वाशीला पोचली १९९२ च्या मे महिन्यात. म्हणजे मध्ये एकोणीस वर्षे नवी मुंबई हे बसने गाठण्याचे गाव होते. ज्याची नोकरी किल्ल्यात त्याने तेथे घर घेतले, तर रोजचा जीव मेटाकुटीस. आणि ज्या मालकाने तेथे कचेरी काढली त्याला कारकून मिळेना. सरकारी बसच्या फेऱ्यांवर शहर उभे राहत नाही, हे तोवर पुरेसे सिद्ध झाले होते. रेल्वे आली तीही एका असाधारण तहामुळे. मानखुर्दपासूनच्या मार्गाचा दोनतृतीयांश खर्च सिडकोने सोसला आणि एकतृतीयांश रेल्वेने. सिडकोने हा पैसा जमिनीच्या विक्रीतून आणि स्थानकांवर बांधलेल्या व्यापारी जागांतून उभा केला. रेल्वेमुळे ज्या जमिनीचे मोल वाढते तिनेच रेल्वेचा खर्च द्यावा, हा न्याय आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच अमलात आला. वाशीच्या स्थानकावरील त्या अवाढव्य इमारतीला सौंदर्याच्या दृष्टीने कोणी नावे ठेवली, तर मी तिची बाजू घेणार नाही, पण ती रेल्वेच्या रुळांचे भाडे भरत होती एवढे सांगेन.

जमीन आणि रेल्वे यांचा हा संबंध जपानमध्ये एका माणसाने फार पूर्वी ओळखला होता. इचिझो कोबायाशी हा मूळचा बँकेतला माणूस १९१० मध्ये ओसाकाच्या उमेदा स्थानकापासून ताकाराझुका नावाच्या लहानशा गावाकडे जाणारी विजेची रेल्वे चालवू लागला. मार्गावर वस्ती तुरळक होती, तेव्हा रेल्वेनेच लगतची जमीन घेऊन घरे बांधली आणि ती कारकुनांना हप्त्यांनी विकली. येथपर्यंत कोणताही हुशार सावकार पोचला असता. कोबायाशीचे वैशिष्ट्य यापुढे आहे. सकाळी शहराकडे भरून जाणारी गाडी रिकामी परत येते, हे त्याला बोचू लागले, म्हणून त्याने उलट्या टोकाला, ताकाराझुका येथे, आधी उष्ण पाण्याची स्नानगृहे आणि मग १९१४ मध्ये केवळ मुलींची गायन-नृत्य मंडळी सुरू केली. शहरातील लोक सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊ लागले. १९२९ मध्ये त्याने शहराकडच्या टोकाला, उमेदा स्थानकातच, मोठे वस्तुभांडार उघडले. त्यामुळे दुपारच्या वेळी, जेव्हा कारकून कचेरीत असतात, गृहिणी गाडीत येऊ लागल्या. पुढे या मार्गांच्या कडेला विद्यालये आली आणि विद्यार्थी सकाळी शहराच्या उलट्या दिशेने जाऊ लागले. ती नाटकमंडळी आजही भरगच्च प्रेक्षागृहात चालते, आणि तिच्या पूर्वजांत एका रिकाम्या लोकलगाडीचे नाव लिहावे लागेल, हे नाट्येतिहासकारांना कितपत रुचेल ते मला सांगता येत नाही.

स्वीडनच्या राजधानीने हेच काम सरकारी शिस्तीने केले. स्टॉकहोमच्या नगरपालिकेने १९०४ पासून शहराभोवतीची जमीन विकत घेऊन ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नगररचनाकार स्वेन मार्केलिअस यांच्या देखरेखीखाली भुयारी रेल्वेच्या कडेने उपनगरे ओवण्यात आली. पहिला भुयारी मार्ग १९५० मध्ये चालू झाला आणि १९५४ मध्ये वेलिंगबी हे उपनगरकेंद्र खुले झाले. काम, घर आणि बाजार तिन्ही एकाच ठिकाणी, म्हणजे लोकांना प्रवासच नको, असा त्यांचा मनोदय होता. तो सफळ झाला नाही. वेलिंगबीतील बहुसंख्य रहिवासी नोकरीला दुसरीकडेच जात राहिले, आणि वेलिंगबीतील नोकऱ्या करायला माणसे बाहेरून येत राहिली. नवऱ्याची नोकरी आणि बायकोची नोकरी एकाच चौकात सापडावी हा योग सरकारी आराखड्याने जुळत नाही. परंतु या अपयशातूनच असे झाले की, सकाळी गाड्या दोन्ही बाजूंनी भरून धावू लागल्या. नियोजनकारांनी प्रवास थांबवायला निघावे आणि त्यांच्या हातून प्रवासाचा समतोल घडावा, अशी ही कथा आहे. हे ज्या क्रमाने घडले तो क्रमही ध्यानात घ्यावा: आधी जमीन, मग रूळ, मग घरे व कचेऱ्या. आपण नवी मुंबईत हा क्रम जवळजवळ उलटा लावला होता.

मुंबईत दिशा पुढे बदलली, पण ती कोणाच्या आराखड्याने बदलली असे म्हणवत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर, विशेषतः २००१ मध्ये नियम शिथिल झाल्यावर, काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. जेथे एकेकाळी माणसे चाळीतून चालत कामाला येत, तेथे आता दूरदूरच्या उपनगरांतून लोक रेल्वेने येऊ लागले. स्थानके मात्र जुनीच होती. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणारा पादचारी पूल अरुंद होता, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसाची सर आली असता, त्याच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मरण पावली. हजारो चौरस मीटर कचेऱ्यांना मंजुरी देताना त्या कचेऱ्यांत येणारी माणसे कोणत्या जिन्याने उतरतील, हा प्रश्न मंजुरीच्या कागदावर नव्हता. लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला.

वांद्रे-कुर्ला संकुलाची गोष्ट एवढी दुःखद नाही, पण त्याच जातीची आहे. मिठी नदीच्या काठच्या दलदलीत, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आखणीनुसार हे कचेऱ्यांचे केंद्र १९७० नंतरच्या दशकापासून आकार घेऊ लागले. राष्ट्रीय शेअर बाजार, बँका, हिऱ्यांचा बाजार तेथे गेले आणि दक्षिण टोकाचा भार खरोखरच काहीसा हलका झाला. पण वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही नावे धारण करणारे हे संकुल दोन्ही स्थानकांपासून दूर होते. स्थानकातून बाहेर पडून रिक्षाच्या किंवा बसच्या रांगेत उभे राहणे, हा तेथील नोकरीचा अलिखित भाग होऊन बसला. त्याच्या पोटाखालून जाणारी भुयारी मेट्रो आली ती २०२४ च्या ऑक्टोबरात.

याच्या उलट, जो मार्ग अवघा ११.४ किलोमीटरचा आहे त्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने, २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून, आपल्या लांबीच्या मानाने फार मोठे काम केले आहे, आणि त्याचे कारण एकच की ती आडवी आहे. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे दीड शतकभर समांतर धावत होत्या. एकीवरून दुसरीवर जायचे तर दादरपर्यंत खाली उतरायचे किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावर तासभर धूर खायचा. मेट्रोने हे अंतर सुमारे वीस मिनिटांवर आणले. सकाळी अंधेरीचा माणूस घाटकोपरकडे जातो आणि घाटकोपरचा अंधेरी-साकीनाक्याकडे येतो, डबे दोन्हीकडे भरतात. त्याच वर्षी मोठ्या कौतुकाने सुरू झालेली चेंबूर-वडाळ्याची मोनोरेल मात्र बहुधा रिकामीच धावली, कारण ज्या दोन टोकांच्या दरम्यान लोकांची ये-जा नव्हती, त्या टोकांच्या दरम्यान ती बांधली होती.

या सर्व योजनांत ज्या एका मार्गाविषयी सर्वांत कमी लिहिले गेले असेल, तो म्हणजे २००४ मध्ये पूर्ण झालेला ठाणे-वाशी रेल्वेमार्ग. त्यावर भव्य पूल नाही, समुद्र नाही, छायाचित्र घेण्याजोगे फारसे काही नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशा पूर्वाश्रमीच्या गावांवरून तो जातो. कारखान्यांच्या जागी तेथे आता संगणकाच्या कचेऱ्या आल्या आहेत. सकाळी ठाण्याच्या नऊ आणि दहा क्रमांकांच्या फलाटांवर उभे राहिले, तर कल्याण-डोंबिवलीकडून आलेली तरुण माणसे मुंबईकडे पाठ फिरवून नवी मुंबईच्या गाडीसाठी दाटीने उभी असलेली दिसतात. गाडी येते, तिच्यातून वाशी-नेरूळकडून आलेले लोक आधी उतरतात, कारण त्यांची कामे ठाण्यात किंवा घोडबंदरच्या बाजूला असतात. ते उतरले की हे चढतात. थोडी धक्काबुक्की होते, कोणाची तरी पिशवी अडकते, आणि गाडी पुन्हा भरून निघते.